पुन्हा एकदा ओळख पटवा

कंपनीच्या कामासाठी दिवसातून किती वेळा आपण कोण आहोत हे सिद्ध करावं, याला काही मर्यादा असावी असं माझं म्हणणं आहे. सकाळी लॅपटॉप उघडला की पासवर्ड. मग व्हीपीएनचा पासवर्ड, तो वेगळा. मग फोनवर आलेला सहा आकडी कोड. मेल उघडताना तेच, हिशेबाच्या प्रणालीत शिरताना तेच, आणि जेवून आलं की सगळं पहिल्यापासून. मी कुडाळला राहून पुण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागाचं काम करते. माझे सहकारी नाशिकला आहेत, म्हापशाला आहेत, एक जण चंद्रपूरला आहे. तक्रार आम्हा सगळ्यांची एकच. ती किरकोळ समजली जाते, म्हणून कुणी लिहून देत नाही. मला ती किरकोळ वाटत नाही.

सुरक्षा नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पैशाच्या हिशेबात दिवस घालवणाऱ्या माणसाला ऑगस्ट २०१८ विसरता येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोर शिरले आणि ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. त्यानंतर कुणी मला पासवर्डबरोबर दुसरा पुरावा मागितला तर मी एका शब्दाने कुरकुरले नाही, आजही कुरकुरणार नाही. माझं भांडण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मागणीशी आहे. त्यांनी चोराची वाट अडत नाही, काम करणाऱ्याची अडते.

पूर्वी कंपनीची माणसं एका इमारतीत बसत, सर्व्हरही तिथेच असत, आणि इमारतीच्या इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉल बसवली की पहारा पुरा होई. मार्च २०२० मध्ये इमारत रिकामी झाली. दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना घरून काम करता यावं म्हणून नियम सैल केले. माणसं गावी आली, मेल आणि हिशेब क्लाउडवर गेले, फायरवॉल मात्र पुण्यातच राहिली. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवरून निघालेली प्रत्येक गोष्ट व्हीपीएनमधून आधी पुण्याला जायची, तिथे तपासली जायची, मग मुंबईच्या डेटा सेंटरला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. कुडाळहून सावंतवाडीला जायचं तर आधी पुण्याचं स्वारगेट गाठा, असा तो प्रकार होता.

यावर निघालेला उपाय चांगला आहे, आणि चांगला आहे म्हणूनच मला जास्त राग येतो. तपासणीच क्लाउडवर न्यायची. सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीची तपासणी केंद्रं मुंबई, चेन्नई, दिल्ली अशी जागोजागी असतात. लॅपटॉपने जवळच्या केंद्राला जोडून घ्यायचं, तिथे झडती होऊन वाहतूक पुढे जायची, हेलपाटा संपला. गार्टनर या सल्लागार कंपनीने २०१९ मध्ये या मांडणीला 'सॅसी' असं नाव दिलं. तिच्या जोडीला 'झीरो ट्रस्ट' आहे. कार्यालयाच्या जाळ्याच्या आत आहे एवढ्यावर कुणावरही विश्वास टाकू नका, हा विचार जॉन किंडरवॅग या विश्लेषकांनी २०१० मध्ये मांडला. २००९ मध्ये आपल्यावर हल्ला झाल्यावर गूगलने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी व्हीपीएनशिवाय चालणारी व्यवस्था उभी केली आणि २०१४ पासून तिच्याविषयी लिहिलंही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये झीरो ट्रस्टचं मार्गदर्शक काढलं. त्यात पुन्हा ओळख तपासण्याची तरतूद आहे, पण ती ठरवताना सुरक्षा, उपलब्धता, वापरातली सोय आणि खर्च यांचा तोल सांभाळा असं तिथेच लिहिलेलं आहे. विश्वास ठेवू नका याचा अर्थ माणसाला दर तासाला दारात उभं करा असा होत नाही. लॅपटॉप कंपनीचाच आहे का, त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का, अपडेट झाले आहेत का, ही वेळ आणि ही फाइल या माणसाच्या रोजच्या कामातली आहे का, हे यंत्राने यंत्राला विचारायचं. माणसाला शेवटी विचारायचं, आणि तेही शंका आली तर.

आमच्याकडे नवीन व्यवस्था आली आणि जुनी गेली नाही. कोणत्याही कार्यालयात नवा अर्ज सुरू झाला तरी जुना भरून घेणं बंद होत नाही, इथेही तेच. हिशेबाची जुनी प्रणाली अजून पुण्याच्या सर्व्हरवर आहे, म्हणून व्हीपीएन राहिलं. क्लाउडच्या सुरक्षेचा एजंट, म्हणजे सतत चालू राहणारा छोटा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर आला. अँटिव्हायरस होताच, फाइल बाहेर जाते का ते पाहणारा आणखी एक आला. व्हीपीएन आणि नवा एजंट दोघांनाही लॅपटॉपची सगळी वाहतूक आपल्यातून न्यायची असते, त्यामुळे एक जोडला की दुसरा तुटतो. महिनाअखेरीला खाती बंद करताना हे होतं तेव्हा अर्धवट भरलेलं व्हाउचर जातं आणि ते पुन्हा भरावं लागतं. या वेळेचा हिशेब कंपनीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. सुरक्षेच्या खरेदीचा दिसतो.

कोकणात पावसाळ्यात लाइट जाते. इन्व्हर्टर लॅपटॉप सांभाळतो, पण बाहेरच्या खांबावरची फायबरची पेटी बंद पडते आणि मी फोनच्या हॉटस्पॉटवर येते. जोडणी बदलली, म्हणून व्यवस्था मला नवी व्यक्ती समजते आणि कोड मागते. कोड एसएमएसने येतो. आमच्या घरात भिंती जांभ्या दगडाच्या जाडजूड आहेत, रेंज पडवीत मिळते, तीही पावसात हमखास नाही. कोड येईस्तोवर त्याची मुदत संपलेली असते. आणि हे सगळं विनाकारण आहे. फोनमधल्या अॅपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड असतो, तो फोनच्या घड्याळावरून आणि एकदाच भरून ठेवलेल्या गुप्त किल्लीवरून तयार होतो; त्याला रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. या पद्धतीचं मानक २०११ पासून उपलब्ध आहे. उलट एसएमएसच्या कोडला निस्टने २०१७ मध्येच बंधनं घातलेल्या प्रकारात टाकलं, कारण दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून घेणारे चोर तोच कोड पळवतात. म्हणजे जो मार्ग गावातल्या माणसाला सगळ्यात अवघड आणि चोराला त्यातल्या त्यात सोपा, तोच आमच्यासाठी नेमून दिलेला आहे.

भूगोलाचाही छळ आहे. लॅपटॉपची वाहतूक तपासणी केंद्रातून बाहेर पडते, म्हणून मेलच्या सर्व्हरला मी मुंबईत दिसते. फोनवर तीच मेल उघडली तर मोबाइल कंपनीच्या जाळ्यामुळे मी कधी पुण्यात असते, कधी त्याहून दूर. इतक्या कमी वेळात इतका प्रवास अशक्य म्हणून खातं अडकतं. मी पडवीतून हललेली नसते. एखाद्या दिवशी मुंबईचं केंद्र बंद असलं की वाहतूक सिंगापूरला वळते. मग मी परदेशी ठरते, आणि आपली अनेक सरकारी संकेतस्थळं परदेशातून आलेल्या माणसाला दार उघडत नाहीत. विवरणपत्र भरायची शेवटची तारीख आपल्या जागी असतेच. त्यात या केंद्रांच्या एकाच पत्त्यावरून शेकडो लोक बाहेर पडत असल्याने समोरच्या संकेतस्थळाला ती यंत्रांची गर्दी वाटते आणि ते मोटारी, झेब्रा क्रॉसिंग आणि सिग्नलचे चौकोन निवडायला लावतं. मी चौकोन निवडते, कारण दुसरा इलाज नाही, पण मी माणूस आहे हे कंपनीने पगार देऊन मान्य केलेलं आहे.

आमचा एक छोटा पुरवठादार कणकवलीचा आहे. त्याचं संकेतस्थळ 'वर्गवारी झालेली नाही' म्हणून बंद आहे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांची वर्गवारी आधीच झालेली असते. तालुक्याच्या गावातल्या माणसाची कुणी केलेली नसते. त्याला संशयित धरायचं आणि उघडण्यासाठी माझ्याकडून कारण लिहून घ्यायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. माझ्यावर कमी, त्याच्यावर जास्त.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा, त्यात मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवं, मागच्या काहींशी साम्य नको. हे नियम २००३ च्या निस्टच्या एका दस्तऐवजातून जगभर पसरले. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टनेही भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला सांगा, उगाच मुदत घालू नका, चिन्हांची सक्ती करू नका. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा एकाने वाढवतात, आणि हे चोरांना ठाऊक असतं. एवढं होऊनही आमच्या परिपत्रकात तीन महिने कायम आहेत. विचारलं तर सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, नियम आहे असं सांगतात. सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मी वाचले. हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत कळवा, नोंदी १८० दिवस जपा, घड्याळं जुळवून ठेवा, असं त्यांत आहे. पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा याचा त्यांत उल्लेख नाही. सरकारी नियमाचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो, एवढाच त्याचा उपयोग करून घेतला जातो.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र लॉगिनच्या मंजुरीसाठी फोनवर येणाऱ्या सूचनेतल्या 'हो' आणि 'नाही' या दोन बटणांची आहे. दिवसभर सूचना येते, दिवसभर माणूस 'हो' दाबतो, आणि काही आठवड्यांत बोट सूचना वाचायचं सोडून देतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत चोर असाच शिरला. एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड हाती आला होता. त्याच्या फोनवर मंजुरीच्या विनंत्यांचा मारा केला, मग आयटी विभागातून बोलतोय अशी बतावणी केली, आणि त्या माणसाने कंटाळून 'हो' दाबलं. त्या माणसाला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याला दमवणारी व्यवस्था आधीपासून होती, चोराने तिचा फक्त वापर केला. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या अॅपमध्ये पडद्यावर दिसणारा आकडा फोनवर भरण्याची अट सक्तीची केली, कारण आकडा भरायला पडदा समोर असावा लागतो. एवढा एक बदल आम्ही सहकाऱ्यांनी मिळून मागितला. आम्हाला त्याऐवजी सायबर जागरूकतेचा व्हिडिओ मिळाला.

उलट बाजूला, जिथे पहारा हवा तिथे तो नसतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेची कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली, कारण चोर व्हीपीएनच्या एका वापरात नसलेल्या जुन्या खात्यातून आत शिरले. त्याचा पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरा पुरावा मागायची सोयच त्या खात्याला नव्हती. अशी बेवारस खाती शोधून बंद करणं हे चिकाटीचं, कंटाळवाणं, न दिसणारं काम आहे. माझ्याकडून पाचव्यांदा कोड मागणं सोपं आहे, आणि अहवालात ते सुरक्षा म्हणून दिसतं. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांची नावं आमच्या मेलच्या यादीत अजून येतात, ती पाहिली की मला त्या पाइपलाइनची आठवण होते आणि भीती वाटते.

अडचण आली तर हेल्पडेस्कवर तिकीट नोंदवायचं. तिकिटाचं पान त्याच लॉगिनच्या मागे आहे, म्हणून ज्याचं लॉगिन अडकलं त्याला ते नोंदवता येत नाही. फोन लावला की पलीकडचा मुलगा अदबीने "मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघा" म्हणतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात तेवढंच दिलेलं आहे, आणि दिवसभर आमच्यासारख्यांचा वैताग तोच ऐकतो. लॉगिन कुठे आणि का अडलं याच्या नोंदी क्लाउडवर असतात. त्या वाचायचा अधिकार त्या मुलाला दिला तर अर्धे फोन दोन मिनिटांत संपतील.

लॅपटॉपच्या कळफलकाशेजारी बोटाचा ठसा घेणारी पट्टी आहे. पासवर्डऐवजी लॅपटॉपमधल्याच गुप्त किल्लीने लॉगिन करण्याचं वेबऑथेन हे मानक मार्च २०१९ मध्ये पक्कं झालं. बोट टेकवायचं, बस. ठसा लॅपटॉपबाहेर जात नाही, किल्ली ठरलेल्या संकेतस्थळालाच लागू पडते, म्हणून बनावट पानावर ती चालत नाही. चोराला अवघड आणि मला सोपं, असं यात दोन्ही एकदम साधतं. पट्टी कंपनीने विकत घेतलेली आहे, आमच्या मेलच्या सेवेत सोय आहे, आणि धोरणात ती बंद ठेवलेली आहे. ती सुरू करावी अशी लेखी विनंती मी पावसाळ्याआधी केली. तिकीट 'विचाराधीन' या शेऱ्यासह अजून उघडं आहे. ते बंद करायचं का, असं विचारणारी मेल दर सोमवारी येते, आणि बंद करू नये असं मी दर सोमवारी कळवते.