चालू आहे की अडकलंय?

जुन्या संगणकाची कसलीही दुरुस्ती करायला बसा, फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी यावं लागतं: हा काम करतोय की अडकलाय? पडदा निळा, मधोमध गोल गोल धावणारे ठिपके, खाली अपडेट चालू असल्याची सूचना, २७ टक्के, आणि संगणक बंद करू नका अशी ताकीद. ठिपक्यांच्या धावण्यावर विसंबण्यात अर्थ नाही. आत सगळं थंडावलं तरी ते बऱ्याचदा धावतच असतात. टक्केही तसेच. २७चे २८ व्हायला पाऊण तास लागेल आणि २८चे ९० चहाला आधण ठेवेपर्यंत होतील. ते टक्के पायऱ्यांचे असतात, वेळेचे नव्हेत, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत असं कुणी कबूल केलेलं नसतं.

माझी आजी दुपारी जपमाळ घेऊन बसायची. डोळे मिटलेले, पाठ भिंतीला. ती जप करतेय की झोपलीय हे ओळखायची एकच खूण होती: अंगठ्याखालचा मणी सरकतोय का ते बघायचं. जुन्या संगणकाच्या डब्यावर पुढच्या अंगाला जो बारीकसा दिवा असतो, हार्ड डिस्कचा, तो हा मणी. तो अनियमित लुकलुकत असेल तर आत काहीतरी चालू आहे, हात लावू नका. शिवाय कान जवळ नेला तर फिरत्या चकतीची कुरकुर ऐकू येते. आजकालच्या चपट्या लॅपटॉपांना बऱ्याचदा हा दिवाही नसतो आणि कुरकुरही नसते. त्यांच्या मालकांनी कशावर भरवसा ठेवायचा ते त्यांचं त्यांनी बघावं.

आमच्याकडे असा जुना डबा आहे तो बाबांमुळे. ते आमच्या सोसायटीचे खजिनदार. देखभालीची बिलं, थकबाकीच्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं, सगळं युनिकोड येण्याआधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. त्यातली फाइल नव्या संगणकावर उघडली की ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्का आणि उलटं प्रश्नचिन्ह अशी काहीतरी रांग दिसते. “नवीन घ्या” असं सांगणारे पुष्कळ आहेत. बाबा त्यांना म्हणतात, “घेऊ की. आधी मला हे वाचून दाखवा.” तेव्हा विषय संपतो.

अपडेटला मात्र त्या फायलींशी देणंघेणं नसतं. ते येतं ते आपल्या पंचांगाने. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार अपडेटसाठी मुक्रर केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की नवा माल बाहेर पडतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, साडेदहा किंवा साडेअकरा. त्या वेळी डबा बंद असतो, कारण बाबा दहाच्या बातम्या झाल्या की भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करतात. बुधवारी सकाळी तो उघडतो, दिवसभर गुपचूप उतरवून घेतो, आणि बसवायला काढतो तोवर गुरुवार उजाडतो. पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार. ज्या कुणी ‘संगणक बंद करू नका’ हे वाक्य लिहिलं असेल त्याने गुरुवारचा विचार केला नव्हता हे उघड आहे. यूपीएस नावाचा खोका टेबलाखाली आहे, पण त्यातली बॅटरी गेल्यापासून त्याचा उपयोग पाय ठेवायला होतो.

एकदा मात्र गुरुवारचा दोष नव्हता. अपडेट येईना. येईना म्हणजे ‘तपासत आहे’ म्हणून मिनिटभर फिरायचं आणि एक आठ-दहा आकड्या-अक्षरांचा संकेत टाकून गप्प बसायचं. बँकेचं पान उघडलं तर ते सुरक्षित नसल्याचा इशारा. साहजिकच घरात आधी इंटरनेटवर संशय गेला. केबलवाल्याचा मुलगा येऊन राउटर बंद-चालू करून गेला. मग विषाणूवर. मग शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलाने सगळं पुसून नव्याने टाकायचा प्रस्ताव मांडला. त्या वयात सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असतं. निकाल लावला तो दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी. ते बिलाचा कागद नाचवत आले. “अहो खजिनदार, हे बिल १ जानेवारी २०१०चं आहे. मी तेव्हा या इमारतीत राहायलाही आलो नव्हतो!”

संगणकाच्या आत, मदरबोर्डवर, बटणाएवढा एक सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव, आणि नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. संगणकाची वीज तोडलेली असताना आतलं घड्याळ चालू ठेवायचं हे त्याचं मुख्य काम. भिंतीवरचं बटण चालू असेल तर त्याच्यावर फारसा भार पडत नाही. बाबांच्या काटकसरीमुळे आमच्या सेलला रोज रात्रपाळी होती. तो मेला, आणि दर सकाळी डबा १ जानेवारी २०१०ला जागा होऊ लागला. आता इंटरनेटवर संकेतस्थळांना जी ओळखपत्रं असतात त्यांवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं लिहिलेलं असतं. २०१०मध्ये जागं झालेल्या यंत्राला ती सगळी अजून सुरूच न झालेली दिसतात, म्हणून ते कुणालाच दारात उभं करत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते अगदी रास्तच वागत होतं. घड्याळजीकडे पन्नास रुपयांच्या आत सेल मिळाला. तारीख दुरुस्त झाली आणि साचलेली सगळी अपडेट्स एकदम आली, त्यामुळे पुढचे दोन दिवस बिलं हाताने लिहावी लागली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी २०१०च्या दराने पैसे भरायची तयारी दाखवली होती, ती नाकारण्यात आली.

पण आधीच्या प्रश्नाकडे येतो. अडकल्यासारखं दिसणारं यंत्र खरोखर राबत असण्याचा सगळ्यात मोठा दाखला विंडोज एक्सपीचा आहे. २०१३च्या अखेरीला जगभरचे एक्सपीवाले संगणक सुरू झाल्या झाल्या हातपाय गाळू लागले. प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला, उंदीर हलेना, तासन्‌तास. लोकांना वाटलं विषाणू शिरलाय. प्रत्यक्षात यंत्र फक्त ‘नवं अपडेट हवंय का’ एवढंच तपासत होतं. इंटरनेट एक्सप्लोररचं प्रत्येक नवं अपडेट आधीच्याची जागा घ्यायचं, ते आधीचं त्याच्या आधीच्याची, अशी वर्षानुवर्षांची वंशावळ तयार झाली होती, आणि तपासणीची पद्धत अशी की वंशावळीत एक नाव वाढलं की वेळ जवळजवळ दुप्पट. वीस वेळा दुप्पट केलं की दहा लाखांच्या वर जातं. म्हणजे ते बिचारं दर सकाळी आपल्या सगळ्या मृत पूर्वजांची नावं पुन्हा पुन्हा मोजत बसलं होतं, एक न गाळता. शेवटी मायक्रोसॉफ्टने निरुपयोगी झालेली जुनी नावं यादीतून काढली तेव्हा, जानेवारी २०१४मध्ये, ते शुद्धीवर आलं. आणि ८ एप्रिल २०१४ला एक्सपीची अपडेट्सच बंद झाली. दुखणं बरं झालं आणि तीन महिन्यांत डॉक्टर निवृत्त.

खरंच अडकलेलं असेल तर त्यावर एक उपाय आहे, तो मला फार आवडतो. विंडोज उतरवलेली अपडेट्स ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. अर्धवट उतरलेलं काही तिथे कुजलं की पुढचं सगळं तुंबतं. मग अपडेटची सेवा थोडा वेळ थांबवायची, फोल्डरच्या नावापुढे ‘ओल्ड’ जोडायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. यंत्र आपला फोल्डर शोधतं, सापडत नाही, मुकाट्याने नवा करतं. जुना तिथेच शेजारी पडलेला असतो, पण त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाही. सोबत आजवरच्या अपडेट्सचा इतिहासही दिसेनासा होतो, म्हणजे मागची भांडणंही मिटतात. काही नातेवाइकांच्या बाबतीत ही सोय असती तर बरं झालं असतं असं आई म्हणते. कुणाबद्दल ते सांगत नाही.

“ही अपडेट्स बंदच करून टाक ना,” असंही ती म्हणते. तिचं चुकत नाही असं अनेकदा वाटतं. पण ११ ऑगस्ट २००३ला ब्लास्टर नावाचा किडा पसरला तेव्हा त्याच्यावरचा इलाज जवळजवळ महिनाभर आधी, १६ जुलैला, येऊन पडलेला होता. घेतला नव्हता इतकंच. त्या किड्याच्या पोटात बिल गेट्सना उद्देशून ‘पैसे करणं थांबवा आणि आधी माल दुरुस्त करा’ अशा अर्थाचा निरोप होता, आणि त्याचा हल्ला ठरला होता अपडेट देणाऱ्या संकेतस्थळावरच. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने ब्रिटनमधल्या इस्पितळांचं काम विस्कळीत केलं तेव्हाही इलाज मार्चपासून उपलब्ध होता.

आईची बाजूही लगेच पुढच्याच महिन्यात भक्कम झाली. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा विध्वंस पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथल्या कुणा कारकुनाने शहाण्या माणसासारखं वेळेवर अपडेट घेतलं, आणि इकडे आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलवरचे कंटेनर जागच्या जागी राहिले. १९ जुलै २०२४चं तर ताजंच आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टकडून जो सल्ला निघाला तो वाचून बाबांची कॉलर ताठ झाली. बंद करा, चालू करा. काहींना १५ वेळा करावं लागलं आहे. “मी काय सांगत होतो?” बाबा म्हणाले. ते खरंच नेहमी हेच सांगतात, टीव्हीबद्दलही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चीही अपडेट्स संपली. पुढे ११ आहे, पण त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते, आणि आमच्यासारख्या डब्यांत ती नाही. सुटका झाली म्हणून आईने पेढे आणायचं बोलून दाखवलं. पण घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेची अपडेट्स मिळण्याची सवलत आहे म्हणे, आणि बाबा सवलत सोडणाऱ्यांतले नव्हेत. नाव नोंदवायला बसले. नोंदणीचं बटण दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, ते बटण दिसायचं तर आधी आजवरची सगळी अपडेट्स बसलेली हवीत.

“किती वेळ लागेल?” आईने विचारलं.

“२७ टक्के झालंय,” बाबा म्हणाले. “आणि आज बुधवार आहे.”