'विच'चा विंचू

बीदर जिल्ह्यातल्या भालकी-औराद पट्ट्यात घरात मराठी, बाजारात कानडी आणि मध्येमध्ये दखनी. तिन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण लावते ती अर्जातली इंग्रजी.

कानडीचं काम संबंधी सर्वनामावाचून भागतं: 'निन्ने बंद हुडुग', काल आलेला पोरगा, विषय संपला. मराठीकडे 'आलेला' आहेच, वर 'जो-तो'ची जोडी. पण ती माणूस-जनावर भेद करत नाही. येतो तो पाटीलही 'जो' आणि मारतो तो बैलही 'जो'च.

इंग्रजीत मात्र पाटलाला 'हू', बैलाला 'विच'. बैलाचं नाव सर्जा असलं, तर त्यालाही 'हू' चालून जातं!

त्यात 'दॅट' की 'विच' हा घोळ. नेमकं ओळखायला 'दॅट', जादा माहितीला स्वल्पविराम देऊन 'विच', या वाटणीचा इंग्रज कोशकार फाउलरने १९२६च्या कोशात पुरस्कार केला. बहुतेक लेखक ती पाळत नाहीत, हेही त्यानेच कबूल केलं. तेव्हा बीदर निजामाच्या राज्यात होतं. आज तिथल्या पोराने स्वल्पविरामाविना 'विच' लिहिलं, की संगणक खाली रेघ ओढतो.

'हूम' तर अर्जाच्या डोक्यावरच बसतं: 'टू हूम इट मे कन्सर्न'. कचेरीच्या दारात मात्र तोच पोरगा बिनचूक विचारतो, "यारिगे कोडबेकु?" कोणाला द्यायचा?