चहा पाजणारी एचआर

— काय वहिनी, सूनबाई आज घरी? सुट्टी का?

— कसली सुट्टी, ताई! काल चाकणला दुसऱ्या शिफ्टला राडा झाला, मध्यरात्री उगवली. एका ऑपरेटरनं सुपरवायझरसमोर हेल्मेट आपटलं.

— अगंबाई! काढला असेल त्याला.

— सुपरवायझर तेच म्हणत होता. शोकॉज टाइप करून तयार. हिनं पोराला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, स्वतःचा मोबाइल पालथा घातला नि गप्प बसली. चहावर साय धरली तेव्हा कुठं तो बोलला. बहिणीचा साखरपुडा चुकला होता. रजेचे अर्ज दिलेले, रजिस्टरला एकाचीही नोंद नाही.

— मग नोटीस फाडली?

— छे! हेल्मेट आपटलं ते आपटलंच. नोटीस दिली. पण सुपरवायझरलाही बोलावलं, रजिस्टर घेऊन.

— हे बरं केलं. आमच्या ह्यांच्या कंपनीतली बाई काय गोड बोलायची! ‘आपण सगळे एक कुटुंब.’ वाढदिवसाला केक. आणि एक दिवस त्याच गोड आवाजात राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला. ‘सर, मला तुमच्या भावना समजतात.’ समजतात तर सही कशाला मागतेस, बाई?

— तेच तर! हिच्याकडे दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, ‘इमोशनल इंटेलिजन्स’. सॅलोव्ही आणि मेयर यांनी 1990 मध्ये ती कल्पना मांडली, 1995 मध्ये गोलमननं पुस्तक काढलं नि सगळ्या साहेबलोकांच्या तोंडी झाली. मला त्यातलं एकच आवडलं, तेही त्याआधीचं. शिकागोजवळ हॉथॉर्न म्हणून कारखाना होता. 1928 पासून तिथं हजारो कामगारांशी बोलले. आधी ठरलेले प्रश्न विचारायचे, आणि कामगार भलत्याच विषयावर जायचे. शेवटी प्रश्न गुंडाळले आणि म्हणाले, त्याला हवं ते बोलू दे.

— म्हणजे आपण कुंपणाशी करतो तेच!

— हो, पण आपल्या हातात रजिस्टर नाही ना. ऐकून घेतलं आणि रजा मिळालीच नाही, तर माणूस दुप्पट चिडतो. त्यापेक्षा सरळ नाही म्हणणारा खडूस परवडला.

— आणि हिचं कोण ऐकतं?

— कोण ऐकणार? कामगारांना ती मॅनेजमेंटची, मॅनेजमेंटला ती कामगारांची. घरी आल्यावर अर्धा तास तिला ‘भाजी काय करू’ एवढंसुद्धा विचारायचं नाही. माझा मुलगा विचारतो, मग खातो बोलणी! ते जाऊ दे, भाऊजींची ग्रॅच्युइटी आली का?

— कुठली! दिवाळीच्या आधी सोडलं त्यांनी. फोन केला की तीच बाई, तोच गोड आवाज. ‘प्रोसेसमध्ये आहे, सर.’

— अहो, पाच वर्षांच्या वर झाली ना नोकरी? मग 30 दिवसांत द्यावी लागते, उशीर केला तर व्याजासकट. लेखी अर्ज दिलाय का?

— फोनवरच चाललंय सगळं.

— मग कसं व्हायचं? पाठवा भाऊजींना संध्याकाळी. नेमणुकीचं पत्र आणि शेवटची पगाराची स्लिप घेऊन या म्हणावं. आणि सात वाजायच्या आत, नंतर आमची सून फोनवर अडकते.