खोली विचारू नये

भेडाघाटचा नावाडी जबलपूरपासून वीसेक किलोमीटरवर, पंचवटी घाटाच्या पायऱ्यांशी सापडतो. धुआंधार धबधब्यावरून कोसळलेली नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांच्या बोळात शिरते. त्या बोळात तो वल्ही मारतो आणि बोलतो. यांतले वल्ही मारणे हे जोडकाम. नावेत प्रवासी असतात, नारिंगी जाकिटांचा ढीग असतो आणि टोकाशी, दोराच्या वेटोळ्यावर, त्याचे स्वतःचे एखादे पोर बसलेले असते. पोराविषयी कोणी काही विचारत नाही. सगळे विचारतात ते एकच, “भैया, पानी कितना गहरा है?”

खोलीचा आकडा ठरलेला नाही. कॉलेजच्या पोरांना तो सव्वाशे फूट सांगतो. नव्या जोडप्याला दोनशे, कारण नवरीने दचकून नवऱ्याचा दंड धरला की उतरताना बक्षिशी बरी मिळते. पुण्याच्या एखाद्या काकांनी “पण मोजली कोणी?” असे विचारलेच, तर आकडा तीनशेवर जातो आणि साक्षीला एक अंग्रेज साहेब येतो. त्याची दोरी म्हणे संपली, पण तळ लागला नाही. हा साहेब दर हंगामात थोडी अधिक दोरी घेऊन येतो. शिवाय भेडाघाटची सगळी माहिती यमकात सांगायची पद्धत आहे: “बाएँ देखिए नंदी बैठा, दाएँ देखिए शेर, चार सौ फुट है पानी, बाबूजी, गिरे तो मिलने में देर!” पुढच्या वळणावर यमकाला ‘पचास’ लागला की तेच पाणी साडेतीनशे फुटांनी वर येते.

बाकीची माहिती तो बऱ्यापैकी खरी देतो. कडे शंभरेक फूट उंच आहेत, पांढऱ्या दगडात ज्वालामुखी खडकाचे काळे पट्टे घुसलेले आहेत, आणि ‘बंदरकूदनी’पाशी दोन्ही काठ इतके जवळ होते की माकडे उडी मारून पलीकडे जात, असे जुने लोक सांगत आले आहेत. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या सिनेमाचे चित्रीकरण इथे झाले. गंगेच्या सिनेमात नर्मदा वापरली याचे त्याला वाईट वाटत नाही. ‘अशोका’ (२००१) आणि ‘मोहेंजो दारो’ (२०१६) हेही त्याच्या यमकात बसले आहेत. २०२१ साली भेडाघाट-लमेटाघाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. ‘युनेस्को’ला अजून यमक सापडलेले नाही, त्यामुळे ती बातमी तो गद्यात आणि घाईने उरकतो.

आता पोराचे. रांगते आहे तोवर ते घाटावर आजीपाशी असते. चालू लागले की नावेत येते आणि कमरेला दोरी बांधून आडव्या फळीशी अडकवले जाते. शिक्षण तिथूनच सुरू होते. उभे राहायचे नाही. नाव डोलली तर ज्या बाजूला डोलली तिकडे पळायचे नाही, जे चाळिशीतल्या प्रवाशालाही जमत नाही. कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने तळाशी साचलेले पाणी उपसायचे, आणि ते वाऱ्याकडे तोंड करून फेकायचे नाही. कड्यांवर आग्यामोहोळे लटकतात, त्यांच्याखाली आवाज करायचा नाही. तेवढ्या टप्प्यात बापाची तुकबंदीही थांबते. आपला बाप गप्प बसू शकतो, हे पोराला प्रथम तिथे कळते. वल्हे हातात मिळते ते पुढे, दहाव्या-अकराव्या वर्षी, आणि तेही प्रवासी उतरल्यावर.

खोलीचा आकडा पोरालाही मिळतो, आणि तो सर्वांत मोठा असतो. पाण्याला तळच नाही. खाली मैया बसली आहे, न विचारता आलेल्याला ती परत सोडत नाही. सर्वांत लहान आकडा बायकोसाठी. “काय, मोड़ा को फिर ले गए?” असे तिने काठावरून ओरडून विचारले की, त्याच जागी आणि त्याच दुपारी, उत्तर जाते, “अरे, कमर-कमर पानी है!” या दोन आकड्यांच्या मध्ये ते पोर लहानाचे मोठे होते. असल्या एका पोराला शाळेत मास्तरांनी नर्मदेची खोली विचारली. त्याने उभे राहून अत्यंत आदराने विचारले, “किसको बताना है, सर?”

साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नौकाविहार बंद असतो. शाळेच्या हजेरीपटावर पोर सलग दिसते ते याच काळात.

खरी खोली ठरते नदीच्या वरच्या अंगाला, बरगी धरणावर. ते धरण १९९० साली पूर्ण झाले. नर्मदेवर ठरलेल्या मोठ्या धरणांतले हे पहिले, आणि त्याच्या पाण्याने १६२ गावांना झळ पोचली. त्याचे एकवीस दरवाजे पावसाळ्यात उघडू लागले की धुआंधारचा धबधबासुद्धा पाण्याखाली दिसेनासा होतो. म्हणजे आकडा रोज बदलतो हे नावाड्याचे म्हणणे अगदीच थाप नव्हे. नोव्हेंबरात कोणता खडक पाण्याखाली हातभर आहे आणि मे महिन्यात तोच कुठे डोके वर काढील, हे त्याला वल्ह्याच्या ठोक्यावरून कळते. प्रवासी नसताना तो पोराचा हात वल्ह्यावर ठेवून तो ठोका ऐकवतो. त्या वेळी तो एकही आकडा सांगत नाही. खरे पाणी त्याने इतरांना कधीच सांगितलेले नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे: इथे कंबरभर आहे म्हटले की निम्मी नाव फोटोसाठी खाली उतरेल. दोनशे, तीनशे, चारशे ही त्याची सुरक्षेची सूचना आहे, आणि लोक ती फलकापेक्षा जास्त पाळतात, हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

एका माणसाला मात्र तो खोली सांगत नाही. तो म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारा परिक्रमावासी. त्याला नर्मदा ओलांडायची नसते, त्यामुळे तो नावेत बसत नाही आणि धंद्याच्या दृष्टीने शून्य असतो. तरी “नर्मदे हर” म्हणून नावाडी त्याला काठावर चहा पाजतो आणि पोराला त्याच्या पाया पडायला लावतो.

पाण्यावर वाढणाऱ्यांचा अभ्यास इतरत्र झाला आहे: अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट स्पष्ट पाहतात, असे २००३ साली आढळले. पिढ्यानपिढ्या होड्यांवर राहून पाणबुडेपणा करणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजाऱ्यांपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते, हे २०१८ च्या संशोधनात दिसले. भेडाघाटच्या पोरांना प्रयोगशाळेत कोणी नेलेले नाही. त्यांची परीक्षा पर्यटक घेतात. कोणी पाण्यात नाणे टाकतो, कोणी नोट दाखवून कड्यावरून उडी मारायला सांगतो, आणि मोबाइल तयार ठेवतो. काही पोरे उडी मारतात. नावाड्याचे पोरही टोकाशी उठून उभे राहते, तेव्हा तो वल्हे सोडून त्याची कॉलर धरतो आणि गिऱ्हाइकाकडे पाहून म्हणतो, “पाँच सौ फुट है, साहब.” या आकड्याला यमक नसते.

भेडाघाटला जाणाऱ्यांनी पाण्यात नाणी टाकू नयेत आणि उडीचे पैसे देऊ नयेत. द्यायचेच असतील तर नाव घाटाला लागल्यावर बापाच्या हातात द्यावेत.