माल तोच, गोडाऊन वेगळं

भिवंडी तालुक्यातला माणूस एक तर लूमवर असतो, नाही तर गोडाऊनला. मी गोडाऊनला होतो, अंजूरपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पंचेचाळिशी उलटल्यावर ग्रंथालयशास्त्र शिकायचं ठरवलं, आधी बी.लिब. आणि मग एम.लिब., तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "पुस्तक कपाटातून काढून द्यायला दोन-दोन डिग्र्या?" सासऱ्यांनी हिला फोनवर हळूच विचारलं, "जावईबापूंची तब्येत बरी आहे ना?"

मी एस. आर. रंगनाथनांना पुढे केलं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे हे जनक मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या शांततेला लगेचच एवढे कंटाळले, की परत शिकवायला घ्या म्हणून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांना गळ घालू लागले. आधी लंडनला जाऊन शिकून या, मग बघू, असं ठरलं. लंडनहून ते आले ते जन्मभरासाठी ग्रंथालयाचे होऊनच. सगळं ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे त्यांना आधी नोकरी मिळाली, मग शिक्षण. तुम्ही आधी नोकरी सोडताय." हा मुद्दा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

अभ्यास सुरुवातीला ओळखीचा वाटला. गोडाऊनमध्ये प्रत्येक खोक्याला रॅक, कप्पा, बिन असा पत्ता असतो. मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये पुस्तकांनाही आकड्यांचे पत्ते दिले. फरक एवढाच, की आमचा पत्ता जागेचा, त्याचा विषयाचा. खोक्यात काय आहे याची चौकशी गोडाऊनमध्ये केली तर लोक संशयाने बघतात. इथे ती केली नाही तर नापास करतात.

६७७ म्हणजे कापड उद्योग. अख्खी भिवंडी तीन आकड्यांत बसली. ६४१.५ स्वयंपाक, हेही बसलं. गाडी अडली ती गंगाजी नाईक अंजूरकरांपाशी. पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेतलं आमच्या गावचं हे नाव. त्यांच्यावरचं पुस्तक ९५४ मध्ये भारताच्या इतिहासात लावायचं, ९२० मध्ये चरित्रांत, की ९२९ मध्ये घराण्यांच्या वंशावळींत? नाक्यावर सल्ला घेतला. एकमताने उत्तर आलं, "दारातच ठेव. आत कशाला?"

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. हे डिस्पॅचवाल्याला शिकवायला नको. पण गोडाऊनला येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात चलान असतं. वाचकाला मात्र आपल्याला काय हवंय ते धड सांगता येत नाही. ते त्याच्याकडून काढून घेण्यासाठीच संदर्भसेवा नावाचा पेपर.

पेपरआधी सराव म्हणून शेजारच्या तात्यांना धरलं. ते "कायद्याचं पुस्तक" मागत होते.

"कुठला कायदा, तात्या?"

"जमिनीचा."

"खरेदीचा, वारसाचा, की मोजणीचा?"

"मोजणीचा."

"शेत कुठलं? शेजारी कोण?"

"पुतण्या. गोडाऊनचं कुंपण माझ्या बांधावर घातलंय त्याने."

म्हणजे पुस्तक नकोच होतं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज हवा होता. मी कार्यालयाचं नाव आणि लागणारे कागद लिहून दिले. तात्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, उगाच काळजी करत होतीस. पोरगा वकिलीच शिकतोय."