बावीस इंची मशीन

“काय वं, काल राती तुमच्याइकडून मशीन-मशीन ऐकू येत होतं बाप्पा?”

“काय सांगू काकू, आमच्या ह्याईनं लाकूड कापाची मशीन घ्याचं काढलं. चेनसॉ. मोबाइल पाहू पाहू डोये लाल केले. 22 इंची पातं अन् 58 सीसी पायजे म्हनतात.”

“22 इंची? सातपुडा तोडाचा हाय का त्याले? फॉरेस्टवाले उचलून नेतीन!”

चेनसॉवर काकूंनी बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असा या गल्लीचा रिवाज. त्यांचा भाऊ संग्रामपूरकडे भाड्याने मशीन चालवतो.

“तुमच्या वावरात कापाले हाय काय, ते सांग पहिले.”

“संत्र्याची सल हाय. धुऱ्यावरच्या बाभया. अन् वादयात पडला तो निंब.”

“सल काढाले चेनसॉ! बोटभर वाळकी फांदी ते. कैची अन् हातकरवत बास, लयच झालं तं ते ब्याटरीवालं लहानसं घ्या. मोठी मशीन घेऊन शिडीवर चढला अन् पात्याचं टोक फांदीले लागलं ना, तं मशीन उसयी मारून सिद्धी तोंडावर येते. माह्या भावाच्या जोडीदाराचे गालावरचे टाके पाय एकदा. अन् कापल्या जागी बोर्डो कोन लावन? एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पानी. ते नाही केलं तं भेंडवळच्या घटात भाकीत काहीबी निघो, झाड डिंक्यानं जाते.”

“मंग बाभयीले?”

“45-50 सीसी अन् 16 इंची पातं. 18 म्हनजे डोक्यावरून पानी. बुंधा जाड असला तं दोन्हीकडून काप घेता येते. लांब पातं म्हनजे वजन समोर झुकते, दुपारलोक कंबर जाते.”

“दुकानदार म्हने, मोठंच घ्या, एकदाच खर्च.”

“त्याचं काय जाते! त्याले इचारा, चेन इथं जळगावात भेटते का तिच्यासाठी खामगाव गाठा लागते. कार्बोरेटर उघडनारा कोन हाय? स्टिल कंपनीचं नाव 1926 पासून हाय म्हनतात, पन नावानं चेनले धार लागत नाही, कानस मारा लागते. भुसा पायत जा. जाडे तुकडे पडले तं धार हाय, पीठ पडलं तं गेली. 2023 च्या जुलैतल्या पुरात वाहून आलेले बुंधे कापले तवा भावाच्या चेनच्या चेन गेल्या. सालीत सारी रेती! तुमच्या बाभयीत तं जुना काटेरी तार घुसेल असन.”

“बाप्पा! अन् पेट्रोल?”

“नुसतं घातलं तं पिस्टन जाम. लिटरमागं 20 मिली चांगलं टू-टी ऑइल लागते, चेनच्या ऑइलची टाकी वेगयी. अन् मिसळेल पेट्रोल पावसाळाभर डब्यात ठेवू नोका म्हना. आता त्यात इथेनॉल असते, ते पानी ओढते. मंग दिवाळीत दोरी ओढू ओढू खांदा उतरते, मशीन काही चालू होत नाही. अन् हो, मशीन आली म्हून आंबा, चिंच, मोहाले लावाची नाही. वावर आपलं असलं तरी 1964 चा कायदा हाय, परवानगी काढा लागते.”

“एवढं हाय तं मंग तुमच्या भावालेच बलावतो ना भाड्यानं.”

“बलाव ना! घरचाच मानूस हाय.”

एवढ्या सगळ्या सल्ल्यात भावाच्या धंद्याचा वाटा किती, हे काकूंनाच ठाऊक. पण चेनबद्दल त्या बोलल्या त्यात खोट काढायला जागा नाही.

“फक्त ते धुऱ्यावरची मोठी बाभूय आमच्या हद्दीत हाय, बरं का.”

“काकू, आमच्या सासऱ्यानं लावेल हाय ते.”

“लावली असन. सावली आमच्या तुरीवर पडते ना एवढ्या वर्षाची? लाकूड अर्धं अर्धं.”

“अन् भाडं?”

“भाड्याचं पाहू मंग. माह्यं दूध उतू चाललं वं!”