मान मोठा, धन छोटं

पोशीरसारख्या गावातून पाड्यावर निघालेली आशाताई खांद्याला पिशवी, हातात वही घेऊन चालते. पण सरकारदरबारी ती कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’. ‘आशा’ ही आरोग्य योजना २००५ सालची. तरी वीस वर्षांत हा शब्द काही बढती घेईना! निरोप बाकी साहेबी थाटाचे: ‘माहिती आजच द्या.’

ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणामागे तिला मिळतात ६०० रुपये, तेही तपासण्या धरून.

मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांना गौरवलं. शाबासकी थेट जिनिव्हाहून! मोबदल्यासाठी मात्र राज्यातल्या आशांना फेब्रुवारी २०२४मध्ये आझाद मैदान गाठावं लागलं. ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय मार्चमध्ये निघाला.

पदनाम तेच राहिलं.